प्रीदी पनोम्योंग : दडपलेल्या राष्ट्राचा राजप्रतिनिधि

बळी तो कान पिळी ही म्हण माणसांच्या व्यवहारांत जितकी खरी, तितकीच राष्ट्रांच्या व्यवहारांतही खरी ठरत आली आहे. बलाढ्य राष्ट्र शेजारच्या लहान राष्ट्राच्या दारांत सैन्य घेऊन उभें राहतें आणि म्हणतें कीं, आम्हांला तुमच्या देशांतून वाट द्या, आमच्या शत्रूला आपला शत्रु माना, नाहीं तर तुमचीं गांवें जळतील. अशा वेळीं त्या लहान राष्ट्राच्या पुढाऱ्यांनीं काय करावें? लढून सर्वनाश ओढवून घ्यावा, कीं मान वांकवून लोकांचे प्राण वांचवावे? आणि मान वांकविलीच, तर ती किती वांकवावी? सन १९४१ च्या डिसेंबर महिन्यांत सयाम, म्हणजेच थायलंड, ह्या देशावर हा प्रसंग आला. त्या प्रसंगीं ज्या पुरुषानें बाहेरून राजाचा प्रतिनिधि म्हणून शांतपणें काम पाहिलें आणि आंतून राष्ट्राचें मन परक्याच्या हातीं जाऊं दिलें नाहीं, त्याचें नांव प्रीदी पनोम्योंग. त्या देशांत हें नांव लहानथोरांस ठाऊक आहे. आमच्या पुष्कळ वाचकांस मात्र तें नवें असेल. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रीदी यांचा जन्म ता. ११ मे १९०० रोजीं अयुथया येथें झाला. हें शहर सयामची जुनी राजधानी असून त्याचें नांव आपल्याकडील अयोध्येवरून पडलें आहे. १७६७ सालीं ब्रह्मी सैन्यानें तें उद्ध्वस्त केलें, आणि त्याचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. परकी सैन्य आलें म्हणजे राजधानीचें काय होतें, हें त्या शहरांत वाढणाऱ्या मुलाला पुस्तकांतून शिकावें लागत नसे. भोंवतालचा मुलूख भातशेतीचा. पुरानें पीक गेलें तरी खंड व व्याज चुकत नाहीं, हें शेतकऱ्याचें दुःख प्रीदींनीं लहानपणापासून जवळून पाहिलें. बुद्धि तीव्र असल्यामुळें ते कायद्याच्या शिक्षणाकडे वळले आणि १९१९ सालीं, अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षीं सरकारी शिष्यवृत्ति मिळून ते फ्रान्सला गेले, आणि तेथें कां व पॅरिस ह्या शहरीं अध्ययन करून त्यांनीं पॅरिस विद्यापीठाची कायद्याची डॉक्टर ही पदवी संपादन केली.

त्या काळीं सयामांत राजाची अनियंत्रित सत्ता होती. राजाचा शब्द तोच कायदा, आणि राज्यांतील बहुतेक वरिष्ठ अधिकार राजघराण्याच्या हातीं. १९२७ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत पॅरिस येथें सात तरुण सयामी एकत्र जमले आणि आपल्या देशांत कायद्याचें राज्य आणावयाचें असें त्यांनीं ठरविलें. त्या सातांत प्रीदी होते, आणि तोफखान्याचे एक तरुण लष्करी अधिकारीही होते. हे अधिकारी पुढें फील्ड मार्शल फिबुनसोंगक्राम ह्या नांवानें प्रसिद्धीस आले. एकाच खोलींत एकच शपथ घेतलेले हे दोन मित्र पुढें दोन वाटांनीं गेले. त्यांच्या वाटा कोठें फुटल्या हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ह्या चरित्राचें मर्म तेथेंच आहे.

स्वदेशीं परतल्यावर प्रीदी न्यायखात्यांत कामास लागले व कायद्याच्या विद्यार्थ्यांस शिकवूं लागले. ता. २४ जून १९३२ रोजीं त्यांच्या पक्षानें पहांटेच्या वेळीं राजधानीचा ताबा घेतला. रक्तपात असा झालाच नाहीं. राजे प्रजाधिपोक यांनीं घटनात्मक राज्यपद्धति मान्य केली, आणि तीन दिवसांनीं जाहीर झालेला पहिला तात्पुरता राज्यघटनेचा मसुदा प्रीदींच्याच लेखणींतून उतरला होता. पुढच्या वर्षीं त्यांनीं देशाच्या अर्थव्यवस्थेची एक योजना मांडली. सरकारनें रोखे देऊन जमीन विकत घ्यावी, शेती सहकारानें चालवावी, आणि म्हाताऱ्या, आजारी व निराधार माणसांस सरकारांतून निर्वाह मिळावा, असा तिचा आशय होता. हा तर साम्यवाद आहे, अशी हाकाटी उठली आणि त्यांना देश सोडावा लागला. कांहीं महिन्यांनीं सरकार बदललें, ते परत आले, आणि चौकशीमंडळानें त्यांना निर्दोष ठरविलें. पण एकदां लागलेला तो शिक्का त्यांच्या वैऱ्यांनीं कधीं पुसूं दिला नाहीं.

परत आल्यावर त्यांनीं जीं कामें केलीं तीं पाहतां त्यांच्या योग्यतेची कल्पना येते. १९३४ सालीं त्यांनीं थम्मसात विद्यापीठाची स्थापना केली. हा शब्द आपल्या धर्मशास्त्र ह्या शब्दाचाच सयामी उच्चार होय. ह्या विद्यापीठाचीं दारें गरिबाच्या मुलांस व नोकरी करून शिकणाऱ्यांसही खुलीं होतीं, आणि पहिल्याच वर्षीं सात हजारांवर विद्यार्थ्यांनीं नांवें घातलीं. परराष्ट्रमंत्री असतांना त्यांनीं परकी राष्ट्रांशीं झालेले जुने, विषम तह बदलून घेतले. त्यामुळें परक्या माणसाला सयामी न्यायालयाबाहेर ठेवणाऱ्या सवलती संपुष्टांत आल्या. पुढें अर्थमंत्री झाल्यावर त्यांनीं गरीब शेतकऱ्याला जाचणारी डोईपट्टी रद्द केली. युद्धाचे ढग जमूं लागले तेव्हां त्यांनीं पांढऱ्या हत्तीच्या राजाची कथा सांगणारा एक इंग्रजी बोलपट तयार करविला. तो १९४१ सालीं दाखविण्यांत आला. परचक्र आलें असतां सैनिकांचा संहार टाळण्यासाठीं दोन्ही राजांनींच समोरासमोर झुंजावें, असें त्यांतील राजा म्हणतो. आपलें राष्ट्र लहान आहे, तें शांतताप्रिय आहे, पण तें भित्रें नाहीं, असें जगाला सांगण्याचा तो प्रयत्न होता.

इकडे फिबुन १९३८ च्या अखेरीस पंतप्रधान झाले होते. १९३९ सालीं देशाचें नांव बदलून थायलंड ठेवण्यांत आलें. दुसऱ्या वर्षीं फ्रान्स जर्मनीपुढें पडलें, तेव्हां पूर्वीं फ्रेंचांनीं हिरावून घेतलेला मुलूख परत मिळविण्याची ही संधि आहे असें फिबुन यांस वाटलें. सीमेवर लढाई झाली, जपाननें मध्यस्थी केली, आणि १९४१ च्या मे महिन्यांत झालेल्या तहानें थायलंडला बराच मुलूख मिळाला. देशांत आनंदीआनंद झाला. परंतु खेड्यांतल्या शहाण्या माणसाला ठाऊक असतें कीं, सावकाराचें पहिलें कर्ज फार गोड लागतें. जपाननें ही मदत फुकट केलेली नव्हती.

ता. ७ डिसेंबरच्या रात्रीं जपानी वकिलानें बँकॉकांत मागणी केली कीं, मलाया व ब्रह्मदेश ह्यांवर चाल करण्यासाठीं आमच्या सैन्यास वाट द्यावी. आणि उत्तर कांहीं तासांतच द्यावें. पंतप्रधान त्या वेळीं राजधानींत नव्हते. उत्तराची वाट न पाहतां ८ तारखेच्या पहांटे जपानी सैन्य सोंखला, पट्टानी, नाखोन सी थम्मरात, चुंफोन, प्रचुआप वगैरे ठिकाणीं किनाऱ्यावर उतरलें. थायी शिपाई, पोलीस आणि चुंफोन येथें तर शाळकरी वयाचे तरुण पथकवालेही लढले. प्रचुआप येथील विमानतळावरच्या शिपायांस युद्ध थांबविण्याचा हुकूम वेळेवर न पोंचल्यामुळें ते दुसऱ्या दिवसापर्यंत झुंजत राहिले. पण सकाळीं फिबुन परतले आणि मंत्रिमंडळानें वाट देण्याचें मान्य केलें. बाहेरून साह्य येण्यासारखें नव्हतें, आणि लढत राहिल्यास राजधानीची राख झाली असती. इतक्यापुरता त्या निर्णयास कोणी दोष देऊं नये.

परंतु घसरगुंडीची पहिली पायरी ती शेवटची पायरी क्वचितच असते. वाट देण्याचा करार झाल्यावर दोन आठवड्यांच्या आंत, २१ डिसेंबर रोजीं, राजवाड्याच्या आवारांतील पाचूच्या बुद्धाच्या मंदिरांत जपानशीं लष्करी दोस्तीचा तह झाला. मग दोस्त राष्ट्रांचीं विमानें बँकॉकवर बाँब टाकूं लागलीं, आणि ता. २५ जानेवारी १९४२ रोजीं थायलंडनें इंग्लंड व अमेरिका ह्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलें. पुढें थायी सैन्य ब्रह्मदेशांतील शान मुलखांत शिरलें, आणि १९४३ सालीं जपाननें मलायांतील चार संस्थानें थायलंडला बहाल केलीं. जबरदस्तीनें वाट द्यावी लागणें ही एक गोष्ट. आणि त्याच जबरदस्ताच्या पंक्तीस बसून दुसऱ्याचा मुलूख वाढून घेणें ही दुसरी. ह्याच जागीं दोन मित्रांच्या वाटा फुटल्या.

प्रीदी अर्थमंत्री होते, आणि जपानी सैन्याला खर्चासाठीं थायी चलन हवें होतें. सरकारनें नोटा छापून देऊं नयेत. सैन्यानें पाहिजे तर आपलेंच वेगळें चलन वापरावें, म्हणजे युद्ध संपल्यावर तें रद्द करतां येईल व आपल्या चलनाची धूळधाण होणार नाहीं, असें त्यांचें मत होतें. असा मंत्री जपान्यांस अडचणीचा होता. डिसेंबरमध्येंच त्यांस मंत्रिमंडळांतून काढून राजप्रतिनिधिमंडळावर नेमण्यांत आलें. बाल राजे आनंद महिदोल त्या वेळीं स्वित्झर्लंडमध्यें शिकत होते, आणि त्यांच्या नांवानें तीन प्रतिनिधि सह्या करीत. मान मोठा, सत्ता थोडी. एखाद्या तापदायक माणसाला उंच पाटावर बसवून गप्प करावें तसा हा प्रकार होता. परंतु ज्यांनीं त्यांना तेथें बसविलें, त्यांना त्या पाटाचा उपयोग कळला नव्हता. युद्धाच्या जाहीरनाम्यावर तिन्ही प्रतिनिधींच्या सह्या हव्या होत्या. त्या दिवशीं प्रीदी राजधानीबाहेर होते, आणि त्यांनीं सही केली नाहीं. त्यांचें नांव मात्र त्यांच्या सहीवांचूनच जाहीर करण्यांत आलें. त्या दिवशीं क्षुल्लक वाटलेली ही उणीव साडेतीन वर्षांनीं सबंध राष्ट्राच्या उपयोगीं पडली.

ज्या दिवशीं जपानी सैन्य उतरलें, त्याच दिवशीं प्रीदींच्या घरीं कांहीं विश्वासू मित्र जमले होते, आणि परकी सत्तेचा प्रतिकार करावयाचा असें तेथें ठरलें होतें. तिकडे वॉशिंग्टन येथील थायी वकील सेनी प्रामोज यांनींही आपल्या सरकारचें धोरण झुगारून दिलें, आणि अमेरिकेनें थायलंडविरुद्ध उलट युद्ध पुकारलें नाहीं. इंग्लंडमधील थायी विद्यार्थी ब्रिटिश सैन्यांत दाखल झाले. अशा रीतीनें देशांत व देशाबाहेर मिळून स्वतंत्र थायी चळवळ उभी राहिली. दोस्तांच्या गुप्त पत्रव्यवहारांत प्रीदींचें नांव रूथ असें ठेवलेलें होतें.

ह्या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशींही जोडलेला आहे. इंग्लंडहून निघालेल्या त्या थायी तरुणांस गनिमी युद्धाचें शिक्षण पुण्याच्या परिसरांत देण्यांत आलें. त्यांत पुई उंगफाकोर्न नांवाचे एक अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. १९४४ च्या मार्च महिन्यांत ते हवाई छत्रीनें चैनात प्रांतांत उतरले, आणि उतरतांच गांवकऱ्यांच्या व पोलिसांच्या हातीं सांपडले. प्रीदींकडे पोंचविण्याचा निरोप त्यांच्यापाशीं होता. त्यांना बँकॉकास नेण्यांत आलें. पण देशाचे पोलीसप्रमुख अदुन हे स्वतःच चळवळीस मिळालेले होते! म्हणून ज्या कोठडींत देहदंडाची वाट पाहावयाची, त्याच कोठडींतून पुढें बिनतारी यंत्रानें दोस्तांशीं संधान जुळलें. हेच पुई पुढें थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचे अत्यंत सचोटीचे गव्हर्नर म्हणून नांवाजले गेले.

सामान्य जनतेचे मात्र त्या दोस्तीनें हाल हाल झाले. थायी नाण्याची किंमत उतरवून तें जपानी येनच्या बरोबरीस आणलें गेलें, नोटा वाढल्या, महागाई भडकली, कापड व औषधें मिळेनाशीं झालीं. कांचनबुरीच्या रानांतून ब्रह्मदेशाकडे जपान्यांनीं सुमारें ४१५ किलोमीटर लांबीचा लोहमार्ग बांधविला. त्या कामावर १२,००० हून अधिक युद्धकैदी आणि त्यांच्या कित्येक पटींनीं मलायांतील तामीळ व इतर आशियाई मजूर पटकी, हिंवताप व उपासमार ह्यांनीं मेले. प्रीदींनीं स्थापिलेल्या थम्मसात विद्यापीठाच्या आवारांतच दोस्त राष्ट्रांचे नागरिक स्थानबद्ध करण्यांत आले होते. त्यांत कांहीं मिशनरीही होते. त्यांचा पहारा थायी लोकांकडे होता, आणि जपानी कैदेच्या मानानें त्यांची तेथें पुष्कळच बरी वागणूक होई.

१९४४ च्या जुलैंत लोकसभेनें फिबुन यांचे दोन कायदे फेटाळले. हिंवतापानें ग्रासलेल्या फेच्चबून येथें राजधानी नेण्याची योजना त्यांत होती, आणि तिच्यापायीं पुष्कळ मजूर दगावले होते. फिबुन यांस राजीनामा द्यावा लागला. प्रीदी आतां एकटेच राजप्रतिनिधि राहिले. नवे पंतप्रधान खुआंग जपान्यांशीं हंसून बोलत, आणि त्यांच्या पाठीमागें प्रीदी रानांत विमानतळ तयार करवीत, शस्त्रें उतरवून घेत. ईशान्येकडील साकोन नाखोन प्रांतांत तियांग सिरिखन ह्या पूर्वींच्या शाळामास्तरानें खेड्यांतील लोकांस लष्करी शिक्षण दिलें. शेतकरी, शिक्षक, पोलीस, सरदार अशा सर्व थरांतले लोक ह्या कामांत होते. १९४५ च्या मे महिन्यांत प्रीदींनीं दोस्तांस कळविलें कीं, आम्ही उठावास तयार आहों. वेळ आली नाहीं, थांबा, असें उत्तर आलें. हजारो प्राण ज्याच्या एका शब्दावर अवलंबून आहेत, त्यानें शस्त्र हातीं असतां तें न उचलणें हेंही धैर्याचेंच काम होय. उठाव झालाच नाहीं. ऑगस्टमध्यें जपाननें शरणागति पत्करली.

ता. १६ ऑगस्ट १९४५ रोजीं प्रीदींनीं राजाच्या नांवानें शांततेचा जाहीरनामा काढला. युद्धाची घोषणा लोकांच्या इच्छेविरुद्ध व घटनेविरुद्ध झाली असल्यामुळें ती मुळांतच रद्दबातल आहे, आणि मलाया व ब्रह्मदेश ह्यांतील घेतलेला मुलूख थायलंड परत करीत आहे, असें त्यांत जाहीर केलें. न केलेली ती सही आतां बोलूं लागली. इंग्लंडला कडक शासन करावयाचें होतें, पण अमेरिकेनें मध्यें पडून तें सौम्य करविलें. १ जानेवारी १९४६ च्या करारान्वयें पंधरा लाख टन तांदूळ फुकट देण्याचें थायलंडच्या कपाळीं आलें. तीही अट पुढें शिथिल झाली. १९४६ च्या डिसेंबरांत, १९४१ सालीं फ्रेंचांकडून घेतलेला मुलूख परत केल्यानंतर, थायलंडला संयुक्त राष्ट्रसंघांत जागा मिळाली. पराजितांच्या पंक्तींत बसण्याची नामुष्की टळली.

एवढी सेवा करणाऱ्याला सुखाचें म्हातारपण मिळावें, असें कोणालाही वाटेल. परंतु जग असें चालत नाहीं. १९४६ च्या मार्च महिन्यांत प्रीदी पंतप्रधान झाले, आणि ९ जून रोजीं तरुण राजे आनंद राजवाड्यांत गोळी लागून मृत झालेले आढळले. हा मृत्यु कसा झाला ह्याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं. पण वैऱ्यांनीं प्रीदींवर कुजबुजीचें विष पेरलें. एका नाट्यगृहांत काळोखांतून कोणी ओरडावें आणि सबंध शहरानें तें खरें मानावें, अशी स्थिति झाली. ऑगस्टमध्यें त्यांनीं पंतप्रधानपद सोडलें. ८ नोव्हेंबर १९४७ रोजीं लष्करानें सत्ता बळकावली, त्यांच्या घरावर रणगाडे आले, आणि ते कसेबसे निसटून सिंगापूरला गेले. १९४८ सालीं फिबुन पुन्हां पंतप्रधान झाले! ज्यानें परक्याशीं दोस्ती केली तो गादीवर, आणि ज्यानें राष्ट्राची लाज राखली तो परागंदा. १९४९ च्या फेब्रुवारींत प्रीदींनीं गुप्तपणें परत येऊन बळानें सत्ता मिळविण्याचा यत्न केला. तो फसला, आणि त्यांत माणसें मेलीं. कायद्याच्या ह्या आचार्यानें शस्त्राची वाट धरावी, ही त्यांच्या चरित्रांतील उणी बाजू होय, आणि ती लपवूं नये. त्यांच्या जुन्या सोबत्यांस त्या अपयशाचें फळ भोगावें लागलें. कित्येकांस पोलिसांनींच ठार केलें. तियांग मास्तरही १९५२ सालीं त्यांत गेले. त्याच वर्षीं प्रीदींच्या पत्नी पूनसुक यांस ८४ दिवस अटकेंत ठेवण्यांत आलें.

पुढें सुमारें एकवीस वर्षें प्रीदी चीनमध्यें राहिले, आणि १९७० पासून फ्रान्समध्यें. ज्या देशांत त्यांनीं तरुणपणीं स्वराज्याचें स्वप्न पाहिलें, त्याच देशांत ता. २ मे १९८३ रोजीं, पॅरिसजवळच्या आंतोनी येथील घरीं, लिहिण्याच्या मेजाशीं बसले असतांच त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर लेखी आरोप करणाऱ्यांस त्यांनीं न्यायालयांत खेंचलें होतें, आणि अब्रूच्या त्या दाव्यांत त्यांचा जय झाला होता. त्यांच्या अस्थि १९८६ सालीं मायदेशीं आणल्या गेल्या. १६ ऑगस्ट हा दिवस थायलंडांत शांततेचा दिन म्हणून पाळतात, आणि थम्मसात विद्यापीठांत त्यांचा पुतळा आहे. फिबुन यांसही १९५७ सालीं लष्करानेंच घालविलें, आणि १९६४ सालीं ते जपानांत परक्या भूमींत वारले. एकाच खोलींत शपथ घेतलेल्या त्या दोघांसही अखेर मायदेशाची माती मिळाली नाहीं.

वाचकहो, दुर्बळाला मान वांकवावी लागते, ह्यांत लाज नाहीं. पुराच्या लोंढ्यांत लव्हाळा वांकतो. पण तो मूळ सोडीत नाहीं, आणि पुराबरोबर दुसऱ्याच्या शेतावर चालूनही जात नाहीं. बलिष्ठानें आपल्याकडून जें करविलें, त्यांतील किती त्याच्या जबरीनें झालें आणि किती आपल्याच लोभानें, हा हिशेब ज्याचा त्यानें करावयाचा असतो. गांवच्या कज्ज्यांत, सावकाराच्या ओसरीवर, पाटलाच्या चावडींतही हाच हिशेब असतो. खोट्या कागदावर सर्वांचे अंगठे उठत असतां एकानें आपला अंगठा मागें घेतला, तर त्या दिवशीं त्यानें कांहींच अडत नाहीं. कागद पुरा होतो, आणि तो माणूस मूर्ख ठरतो. पण सत्य विचारलें जाण्याची वेळ आल्यावर त्या एका कोऱ्या जागेवर सबंध गांवाला उभें राहावयास जागा सांपडते. प्रीदींनीं आपल्या राष्ट्रासाठीं एवढी एक कोरी जागा राखून ठेविली, आणि तिची किंमत आयुष्याचीं शेवटलीं चौतीस वर्षें परदेशांत कंठून चुकती केली.